ठिपक्यांशिवाय रेषा दाखवू नका

रायगडाच्या पायथ्याशी, महाड तालुक्यातल्या आमच्या पाचाडच्या घरातल्या फडताळात अकरा वह्या आहेत. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या. ते प्राथमिक शिक्षक होते. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला अंगणातल्या पर्जन्यमापकाचं पाणी मोजपात्रात ओतून ते आकडा लिहीत. वहीला तीन रकाने: तारीख, मिलीमीटर, शेरा. शेऱ्यात मनाला येईल ते असायचं. 'गड दिसला नाही.' 'आवण उरकली.' 'पऱ्याचं पाणी तांबडं.' 'रात्रभर वीज नाही.' लहानपणी मला तो शेऱ्याचा रकानाच वाचायला आवडायचा. पुढे मी संख्याशास्त्र शिकले, एकतीस वर्षं महाविद्यालयात शिकवलं आणि या सगळ्या काळात माझं लक्ष मधल्या रकान्यावर खिळून राहिलं.

निवृत्त होऊन 2019 मध्ये मी पाचाडला परत आले. त्या हिवाळ्यात अकराही वह्या संगणकावर उतरवल्या. प्रश्न साधा होता. तीन दिवसांचा मिळून पाऊस जसजसा वाढतो, तसतशी 'माती आली', 'दरड', 'रस्ता बंद' असा शेरा पडण्याची शक्यता कशी बदलते? त्या आकड्यांतून मी एक गुळगुळीत वक्ररेषा काढली. रेषा सुरेख आली. हळूहळू चढत गेली आणि उजव्या टोकाला, सगळ्यात जास्त पावसाच्या जागी, वळून किंचित खाली उतरली. म्हणजे फारच पाऊस झाला की दरडीचा धोका कमी होतो!

आठ दिवस मी त्या उताराचा अर्थ लावत बसले होते. एवढ्या पावसात सैल माती आधीच वाहून जात असेल, असं एक स्पष्टीकरणही मी मनात रचलं. ते मला पटायलाही लागलं होतं. मग एका संध्याकाळी मूळ वही उघडली. 26 जुलै 2005. मधला रकाना कोरा. शेऱ्यात अण्णांचं अक्षर: 'बाटली भरून वाहिली. आकडा नाही. दासगावची बातमी वाईट.'

अण्णांच्या पर्जन्यमापकाचं तोंड 200 चौरस सेंटीमीटरचं होतं आणि आतली बाटली 4 लिटरची. हिशेब कुणीही करावा: अशा बाटलीत 200 मिलीमीटर पाऊस मावतो. हवामान खातं चोवीस तासांत 204.4 मिलीमीटरच्या वर पडलेल्या पावसाला आपल्या सगळ्यात वरच्या वर्गात टाकतं. म्हणजे तो वर्ग सुरू व्हायच्या जेमतेम आधी अण्णांची बाटली भरून वाहायला लागायची. रात्री उठून बाटली बदलली तरच पुढचा पाऊस हाती लागणार. ज्या दिवशी आकड्याची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच दिवशी आकडा नव्हता. आणि संगणकाच्या आज्ञावलीचा रिवाज असा, की ओळीत एक रकाना कोरा असेल तर ती अख्खी ओळ बाजूला टाकायची. त्या वर्षी दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या आमच्या तालुक्यातल्या गावांवर दरडी कोसळल्या, दोनशेच्या घरात माणसं गेली. माझ्या सुरेख रेषेत तो दिवसच नव्हता.

हे सगळं आज सांगायचं कारण गेल्या मे महिन्यातली तालुक्याची एक बैठक. पावसाळ्याच्या तोंडावर दरडप्रवण वाड्यांतल्या लोकांना बोलावलं होतं. एका सल्लागार संस्थेच्या तरुणाने पडद्यावर तशीच एक वक्ररेषा दाखवली: आडव्या अक्षावर पाऊस, उभ्या अक्षावर 'धोका'. रेषा खालून वर चढत होती आणि मध्ये एका जागी शून्याची आडवी ओळ ओलांडत होती. त्याने त्या जागेवर बोट ठेवलं आणि सांगितलं, की इथपर्यंत पाऊस असेल तोवर घर सोडायचं कारण नाही. मुलगा प्रामाणिक होता, त्याचा अभ्यासही होता. पण ते वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

अशी रेषा ज्या गणिती प्रतिमानातून (मॉडेलमधून) येते, त्यात पाऊस, जमिनीचा उतार, मातीतली ओल, वर्षातला दिवस अशा अनेक गोष्टींचे परिणाम वेगवेगळ्या वक्ररेषांनी मांडून त्यांची बेरीज करतात. बेरजेत घोळ होऊ नये म्हणून प्रत्येक रेषा अशी बसवतात, की हाती असलेल्या सगळ्या नोंदींवर तिची सरासरी शून्य यावी. त्या शून्याचा अर्थ एवढाच, की आपल्या नोंदींतल्या सरासरीइतका परिणाम. वर्गातल्या मुलांची उंची वर्गाच्या सरासरीपासून मोजली तर सरासरी उंचीचा मुलगा शून्यावर येईल. तो मुलगा पऱ्यात बुडणार नाही, असं त्यावरून कुणी म्हणेल का? नोंदींत कोरड्या वर्षांची भर घाला, शून्याची जागा सरकते. ओल्या वर्षांची घाला, उलटी सरकते. डोंगर मात्र जिथल्या तिथे असतो.

मी हात वर करून हे बोलले. पण माझ्याहून नेमकं बोलली ती मागच्या रांगेतली, डोंगरावरच्या एका वाडीतली बाई. तिने विचारलं, "ह्यो पाऊस मोजला कुठं? आमच्या वाडीवर तर भांडं नाय." भांडं होतं ते खाली, खोऱ्यात, सपाटीवर. त्या तरुणाने ते लगेच मान्य केलं. पण पडद्यावर ते लिहिलेलं नव्हतं, आणि रेषेखाली एकही ठिपका नव्हता.

आमच्याकडच्या प्रत्येक मुलीला ठिपक्यांची रांगोळी येते. आधी ठिपके, मग रेषा. मोजणी आणि रेषा यांचं नातं याहून वेगळं नाही. फरक एवढाच की मोजणीचे ठिपके ओळीत बसत नाहीत, विखुरलेले असतात, आणि त्यांच्यामधून जाणारी रेषा किती वळवायची हे माणसाला ठरवावं लागतं.

या रेषांना स्प्लाइन म्हणतात. हा शब्द जहाजं बांधणाऱ्यांचा. जहाजाच्या बाकाचा आराखडा काढायला ते लाकडाची पातळ, लवचिक पट्टी घेत, ठरावीक ठिकाणी वजनांनी दाबून धरत आणि पट्टी आपसूक जे वळण घेई ते कागदावर गिरवत. महाडकरांना हे समजायला कठीण जाऊ नये. उधाणाच्या पाण्यावर गलबतं सावित्रीतून एके काळी महाडपर्यंत यायची. पट्टी ताठ असेल तर ती वजनांच्या मधून सरळसोट जाते, ठिपके बाजूला राहतात. फार मऊ असेल तर प्रत्येक ठिपक्याला शिवत सापासारखी वळवळते. संख्याशास्त्रात हा ताठपणा एका आकड्याने ठरतो. रेषा ठिपक्यांपासून जितकी दूर जाईल तितका एक दंड, रेषा जितकी वाकेल तितका, त्या आकड्याच्या पटीत, दुसरा दंड, आणि दोन्हींची बेरीज कमीत कमी ठेवायची. एडिंबरोच्या ई. टी. व्हिटेकर यांनी 1923 मध्ये आयुर्विम्याच्या मृत्युसारण्या गुळगुळीत करायला ही कल्पना मांडली. ट्रेव्हर हेस्टी आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी 1986 मध्ये अशा अनेक रेषांची बेरीज करणारी प्रतिमानं रूढ केली. सायमन वूड यांनी 'आर' या मोफत संगणकभाषेसाठी लिहिलेल्या साधनामुळे आज विद्यार्थीसुद्धा घरच्या लॅपटॉपवर पाच मिनिटांत अशी रेषा काढतो. मी हे साधन वर्षानुवर्षं शिकवलं आहे, आजही वापरते. त्यातला दोष शोधायला मी बसलेली नाही. रेषा पाच मिनिटांत येते आणि ती समजून घ्यायला पाच पावसाळे लागतात, हे माझं दुखणं आहे.

पट्टी किती ताठ ठेवायची हे नोंदींनाच विचारावं, अशी एक चांगली पद्धत आहे. एक ठिपका झाकायचा, उरलेल्यांवरून रेषा काढायची आणि झाकलेला ठिपका रेषेच्या किती जवळ येतो ते बघायचं. प्रत्येक ठिपक्याला पाळी द्यायची. ज्या ताठपणाने झाकलेले ठिपके सगळ्यात नीट ओळखता येतात, तो घ्यायचा. पण पावसाचे दिवस एकमेकांना ओळखतात. कोकणात जुलैच्या झडीत आजचा पाऊस काल आणि उद्याच्या पावसाचा सख्खा भाऊ असतो. मधला एक दिवस झाकला तरी दोन्ही बाजूंच्या दिवसांनी त्याचं उत्तर आधीच फोडलेलं असतं. परीक्षेचा पेपर फुटावा तसा हा प्रकार. संगणकाला वाटतं, आपल्याला सगळं येतं. मग तो पट्टी मऊ करत जातो आणि रेषेवर नसलेले चढउतार उमटतात. त्या प्रत्येक उंचवट्याला माणूस मग कारण शोधतो, जसं मी आठ दिवस शोधत होते. आमच्यासारख्या ठिकाणी एकेक दिवस झाकून भागत नाही. अख्खा एक पावसाळा झाकायचा आणि बाकीच्या वर्षांवरून तो ओळखता येतो का, हे बघायचं. तसं केल्यावर माझ्या रेषेतली बहुतेक वळणं गेली. उरला एक साधा चढ आणि त्याभोवती रुंद करडा पट्टा.

त्या करड्या पट्ट्याविषयीही सांगायला हवं, कारण बैठकीत त्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. तो पट्टा आपल्याला सरासरी किती खात्रीने माहीत आहे ते सांगतो. उद्याचा पाऊस किंवा उद्याची दरड त्या पट्ट्यातच राहील, असं वचन तो देत नाही. नोंदी भरपूर असतात तिथे पट्टा सुतासारखा बारीक होतो आणि त्या जागी एकेका दिवसाचे ठिपके त्याच्या कितीतरी वर-खाली पसरलेले असतात. टोकाला, जिथे दोन-चारच नोंदी, तिथे पट्टा नरसाळ्यासारखा उघडतो. पाचाडच्या माणसाचं मरण त्या टोकाला आहे, मधल्या बारीक पट्ट्यात नाही.

साडेआठच्या वेळेतही एक घोळ दडलेला आहे. चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि त्याच तारखेवर लिहितात. 22 जुलै 2021 ला दुपारनंतर आमच्याच तालुक्यातल्या तळीयेच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला, ऐंशीहून अधिक माणसं गाडली गेली. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलीमीटर पाऊस झाला. सावित्रीचा उगम तिथलाच. पण हा आकडा मोजला गेला 23 तारखेच्या सकाळी साडेआठला, म्हणून तो 23 च्या ओळीत बसतो. आता तारखेला तारीख जुळवणारा संगणक काय करेल? 22 च्या दरडीला तो 22 चा पाऊस जोडेल, म्हणजे 21 च्या सकाळपासून 22 च्या सकाळपर्यंतचा. आणि कुणी शहाणपणाने 23 चा आकडा जोडला, तर डोंगर खाली आल्यानंतर रात्रभर पडलेला पाऊसही त्या दरडीच्या नावावर चढेल. दोन्ही चूकच. दर तासाच्या नोंदीशिवाय हा गुंता सुटत नाही. अशी एक तारीख इकडची तिकडे झाली, की रेषा दिसायला तितकीच गुळगुळीत राहते आणि उंबरठा कुठल्या कुठे जातो.

त्या रात्री मी इथेच होते. दिवे गेलेले. विजेरी तोंडात धरून दोनदा बाटली बदलली. दुसऱ्या खेपेला गडाच्या बाजूने जो आवाज येत होता, तो पाण्याचा की दगडांचा, हे कळत नव्हतं. सकाळी वहीत आकडा लिहिला, आणि शेऱ्यात दोन्ही वेळा लिहिल्या.

खाली महाड शहर तेव्हा बुडालेलं होतं. पुराची गोष्ट दरडीहून वेगळी आहे, पण रेषेचा धडा तोच. महाडला सावित्रीची इशारा पातळी 6 मीटर, धोका पातळी 6.5 मीटर. किती पावसाला नदी किती चढते, अशी रेषा कुणीही काढेल. पण महाडची नदी फक्त पावसाचं ऐकत नाही. बाणकोटच्या खाडीतून भरतीचं पाणी वर येतं. गांधारी आणि काळ यांचं पाणी येतं. महाबळेश्वर-पोलादपूरकडचा लोंढा ओहोटीला आला तर वाट मिळते. तोच लोंढा उधाणाच्या भरतीला आला तर तुंबतो आणि बाजारपेठेत शिरतो. 2021 च्या त्या पुरात पौर्णिमा एक-दोन दिवसांवर आली होती. पावसाची एक रेषा, भरतीची दुसरी रेषा आणि दोन्हींची बेरीज, या मांडणीत असं गृहीत असतं, की भरती असो वा ओहोटी, पावसाचा परिणाम तेवढाच राहतो. महाडच्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, हे गृहीतक तो एका वाक्यात मोडून काढेल. इथे दोन रेषा पुरत नाहीत, पाऊस आणि भरती मिळून एक पृष्ठभाग लागतो, आणि त्यासाठी नोंदीही कितीतरी जास्त लागतात.

आणखी एक. 2021 नंतर सावित्रीच्या पात्रातला गाळ काढायचं काम झालं. ते आवश्यकच होतं. पण गाळ काढल्यावर पाऊस आणि पातळी यांचं जुनं नातं बदलतं. आधीच्या वर्षांच्या नोंदींवर काढलेली रेषा ही आधीच्या नदीची रेषा आहे. पात्र पुन्हा गाळाने भरेल तेव्हा ते आणखी बदलेल. रेषेवर तिचं वय लिहायला हवं.

रेषेचा एक आंधळेपणा मात्र पट्टी ताठ-मऊ करून जात नाही. सरासरीची रेषा सरासरीच सांगते. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले बी. एन. गोस्वामी आणि त्यांचे सहकारी यांनी 2006 मध्ये मध्य भारताच्या 1951 ते 2000 या पन्नास वर्षांच्या पावसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोसमाच्या एकूण पावसाची रेषा जवळपास सपाट होती. तेवढीच बघितली असती, तर पाऊस होता तसाच आहे असं म्हणून फाइल बंद झाली असती. त्यांनी फार मोठ्या पावसाचे दिवस आणि मध्यम पावसाचे दिवस वेगळे मोजले. मोठे वाढलेले निघाले, मध्यम घटलेले, आणि बेरीज जागच्या जागी. त्याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने 2017 मध्ये दाखवलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. तीच गोष्ट जागेची. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 944 मिलीमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला 73. या दोन ठिपक्यांची सरासरी काढली तर जो आकडा येतो, तेवढा पाऊस त्या दोन्ही ठिकाणी पडलेला नव्हता. पाचाड आणि महाड यांत साधारण पंचवीस किलोमीटर आहेत, शिवाय मध्ये डोंगर. खालच्या भांड्याचा आकडा वरच्या वाडीला लावणारे हेच करतात.

हे वाचून कुणी म्हणेल, मग सोडा त्या रेषा, जुनीजाणती माणसं सांगतील तेच खरं. तेही मला मान्य नाही. अण्णा शेवटच्या वर्षांत नेहमी म्हणायचे, पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही, जूनमध्ये आता पडतच नाही. त्यांच्याच वह्यांतला जून मी वर्षांनुसार मांडला तेव्हा तसं काही दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की सलग दोन कोरडे जून त्यांच्या मनात घर करून बसले होते. आठवणसुद्धा एक रेषाच काढते, आणि तिची पट्टी फार मऊ असते. 1926 मध्ये ओडिशात ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला तेव्हा अनुभवी अभियंत्यांची खात्री होती, की नदीचा तळ वर आला आहे, बांध उंच करायला हवेत. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी साठ वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि तळ वर आल्याचा पुरावा नाही हे दाखवलं. उपाय बांधात नसून वरच्या भागात पाणी अडवण्यात आहे, असं त्यांनी मांडलं. त्याआधी उत्तर बंगालच्या 1922 च्या पुरानंतरही तेच झालं होतं. पाणी साठवण्याच्या खर्चिक तलावांची योजना त्यांनी आकड्यांनी खोडून काढली आणि पाण्याचा निचरा लवकर होईल ते करा, असं सांगितलं. मला नोंदी हव्या आहेत, रेषाही हव्यात. महालनोबिस साठ वर्षांच्या ठिपक्यांवर उभं राहून बोलत होते, म्हणून त्यांचं ऐकावं.

सरकारी कामात आजवर वक्ररेषा नव्हती, पायरी होती. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलीमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी, नाहीतर नाही. पंचनामा, भरपाई सगळं त्या पायरीवर. मंडळाच्या केंद्रात 64 भरले आणि डोंगराकडच्या खाचरात दुप्पट पडला, तरी शेतकरी पायरीखालीच. ही पायरी अन्यायाची आहे, पण निदान दिसते तरी. तिच्याविरुद्ध अर्ज करता येतो, आंदोलन करता येतं, कारण ती कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. वक्ररेषेच्या पोटात असे दहा निर्णय असतात: कुठलं भांडं, कुठली वर्षं, पट्टी किती ताठ, कोऱ्या रकान्यांचं काय केलं. त्यातला एकही निर्णय बाहेर दिसत नाही. म्हणून पायरीऐवजी वक्ररेषा आणणाऱ्यांवर जबाबदारी जास्त आहे.

माझं मागणं मोठ्या खर्चाचं नाही. दरडीविषयी, पुराविषयी लोकांसमोर जी रेषा ठेवाल, तिच्यामागचे सगळे ठिपके त्याच चित्रात दाखवा. पाऊस कुठल्या गावात मोजला, ते नाव चित्रावर लिहा. नोंदी कोणत्या वर्षापर्यंतच्या आहेत, ते लिहा. किती नोंदी कोऱ्या होत्या आणि त्या का कोऱ्या होत्या, हेही लिहा; आमच्या भागात कोरा रकाना म्हणजे बहुतेकदा भांडं भरून वाहिलेला दिवस. जिथे ठिपके संपतात तिथे रेषा थांबवा. खंबीर जाड रेघ पुढे ओढून तिच्यावर माणसांना घरात थांबा म्हणू नका. शून्याच्या ओळीला सुरक्षिततेची ओळ म्हणणं तर आजपासून बंद करा. खालापूरची इर्शाळवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. यादी हीसुद्धा कुणीतरी काढलेली एक रेषाच होती.

मंडळ पातळीवर स्वयंचलित केंद्रं आली, चांगलं झालं. पण ती बहुतेक पिकांच्या विम्यासाठी आली, आणि पीक सपाटीला असतं. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत उतारावरच्या प्रत्येक वाडीच्या शाळेत दर तासाची नोंद ठेवणारं एक यंत्र आणि त्याच्या जोडीला एक साधं भांडं बसवा. यंत्र ऐन वेळी बंद पडू शकतं. भांडं आणि भांडं वाचणारा माणूस बंद पडत नाही. वाडीतल्या माणसांना मोजायला शिकवायला मी येईन, माझ्यासारखे आणखी निवृत्त शिक्षक येतील. आणि नोंदवहीत तिसरा रकाना ठेवा. पऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, पावसातही झरा आटला, अंगणाला भेग गेली, फणसाचं झाड कललं, हे सगळं वाडीतल्या माणसाला कुठल्याही केंद्राच्या आधी कळतं. त्याला आज लिहायला जागा नाही.

ज्या तरुणाने बैठकीत ती रेषा दाखवली, तो नंतर दोनदा पाचाडला आला. मी त्याला वह्या दाखवल्या. 26 जुलै 2005 च्या कोऱ्या जागी निदान 'दोनशेच्या वर' एवढं तरी प्रतिमानाला सांगता येतं, ही युक्ती त्यानेच सुचवली, आणि ती बरोबर आहे. किती पडला ते माहीत नसलं तरी किमान किती पडला हे बाटलीने सांगितलेलं आहेच. तसं केल्यावर रेषेचं उजवं टोक खाली वळायचं थांबलं. ते वर गेलं, आणि त्याच्याभोवतीचा करडा पट्टा इतका रुंद झाला, की त्यावरून कुणाला घरात थांबा असं सांगणं शक्य नाही.

अण्णांच्या पर्जन्यमापकात मी आता 10 लिटरची बाटली बसवली आहे. तिच्यात 500 मिलीमीटर मावतात. महाबळेश्वरला तळीयेच्या दिवशी 594 पडला होता, म्हणून दुसरी बाटली शेजारी धुऊन ठेवलेली असते.